चौदा प्रश्न

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी धाकटीचा मेसेज आला. 'ताई, माझा नंबर परवाऐवजी आजच लागला. अर्ध्या तासात आत नेतायत. फोन काढून घेतायत. भांडू नकोस.'

ताईनं तो हातमोजे काढता काढता वाचला. वीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. एक पेशंट नुकताच बाहेर गेला होता, पुढचा आत यायला थोडा वेळ होता. परदेशात धाकटीच्या उशाशी बसायला ती उद्या सकाळच्या विमानानं निघणार होती. त्याआधीची रजा मिळाली नव्हती. तिनं उलटा फोन लावला. बंद.

घाबरण्यासारखं काही नाही, तिनं स्वतःला बजावलं. पायासाठीचं इंजेक्शन दिलं का, एवढंच विचारायचं. तिनं त्या परदेशी रुग्णालयाला फोन लावला. तिथल्या बाईनं धाकटीचं नाव आणि जन्मतारीख घेतली आणि थांबायला सांगितलं. कानात कसलंसं संगीत वाजू लागलं.

धाकटी शहरात बस चालवायची. वजन एकशे बत्तीस किलोवर गेलं, स्टिअरिंग पोटाला घासू लागलं, तेव्हा डेपोच्या डॉक्टरांनी तिला बसवरून उतरवून पासच्या खिडकीत बसवलं. दोन महिन्यांनी शेवटची तपासणी होती. तीत नापास झाली की बस कायमची सुटणार. मधेच तिच्या उजव्या पायात रक्ताची गुठळी झाली. ताईच्या रुग्णालयातले सर्जन म्हणाले, आधी सहा महिने गोळ्या, मग वजन उतरवायच्या पोटाच्या ऑपरेशनचं बघू. धाकटीनं आठ दिवसांत परदेशातलं रुग्णालय शोधून काढलं.

"विषाची परीक्षा कशाला बघतेस?" ताई म्हणाली होती. "परत आल्यावर टाका सुटला, ताप चढला, तर कोण बघणार? ज्यानं पोट कापलं तो समुद्रापलीकडे."

"मग तू कशाला आहेस? वीस वर्षं काय नुसते हातमोजे वाटतेस?"

"आणि विमानात पाच तास पाय लोंबकळत. गुठळी वर सरकली म्हणजे?"

"खिडकीत आठ तास लोंबकळतातच की! तिथे कोणी विचारतं का?"

आठवडाभर दोघींचं हेच चाललं होतं. शेवटी ताईनं आपल्या कामातली वाट धरली. थिएटरमध्ये भूल देण्याआधी प्रश्नांची यादी मोठ्यानं वाचतात, एकही उत्तर राहिलं तर सुरीला हात लावत नाहीत. तशीच यादी तिनं केली. चौदा प्रश्न. रक्त लागलं तर कुठून आणणार, रात्री डॉक्टर कोण असतो, टाका गळला तर पुन्हा पोट कोण उघडणार. सातव्या प्रश्नात गुठळीची तारीख, कुठला पाय, कुठली गोळी, सगळं लिहिलं. खाली आपली सही केली, हुद्दा लिहिला.

"चौदाच्या चौदा उत्तरं धड आली, तर मी मधे येणार नाही."

"आण इकडे. पोट माझं आहे, मीच पाठवते."

थिएटरमधली यादी पेशंटच्या हातात कधी देत नाहीत. पण ही बहीण होती.

पंधरा दिवसांनी धाकटीनं फोनवर एकेक उत्तर वाचून दाखवलं. सातव्याला ताईनं तिला थांबवलं. "परत वाच."

"आधी आणि नंतर इंजेक्शन देतात, म्हणे. दुसऱ्या दिवसापासून चालवतात. झालं समाधान, परीक्षक बाई?"

ताईला हसू आलं होतं. उत्तरं नेटकी होती. तिनं कागद बघायला मागितला नाही.

कानातलं संगीत थांबलं. रुग्णालयाची दुभाषी बाई फोनवर आली. ती एकेक शब्द तोलून बोलत होती.

"जवळचं माणूस म्हणून आमच्याकडे तुमचंच नाव आहे. तो चौदा प्रश्नांचा कागद तुम्हीच लिहिला होता ना?"

"हो. त्यातल्या सातव्याचंच विचारायचं होतं. इंजेक्शन दिलं का?"

"आमच्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणूनच तर अकरा तारखेला त्यांना नकार कळवला. पायातल्या गुठळीमुळे."

धाकटीनं उत्तरं वाचून दाखवली ती बारा तारखेला. "अहो, ती तिथे दाखल आहे. आत्ता तिला आत नेतायत."

"आमच्याकडे त्या आलेल्याच नाहीत. नकार कळवल्यावर त्यांचा फोन आला होता. सातवा प्रश्न गाळून तोच कागद पुन्हा पाठवला तर घ्याल का, असं विचारत होत्या."

"मग?"

"आम्ही नाही म्हणालो."

दारातून भूलतज्ज्ञांनी डोकावलं. "सिस्टर, पेशंट टेबलावर आहे. यादी वाचताय ना?"

"आज दुसऱ्या कुणाला तरी सांगा," ताई म्हणाली. त्यांच्याकडे न बघताच.

दुभाषी बाईनं त्या शहरात अशी ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयांचे नंबर पाठवले. एकतीस. एक वाजून चाळीस मिनिटांपर्यंत ताईचे पाच ठिकाणी फोन झाले. धाकटी तिथे नव्हती. सहाव्या ठिकाणी घंटा वाजते आहे.