पाताळातूनही

“पैसे आहेत ना तुमच्याकडे? मग अडलंय कुठे?” वसुलीवाल्याने विचारलं.

टेलरबाईंनी मशीन थांबवलं नाही. एका पँटची चेन बदलायची होती आणि गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. जिन्याखालचं ते दुकान इतकं चिमुकलं की दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं. वसुलीवाला स्टुलावर अंग चोरून बसला होता. त्याच्या खांद्याला मागे टांगलेला अर्धवट शिवलेला कोट लागत होता.

“काकू, आज शेवटची तारीख. व्याज माफ, दंड माफ. नुसतं मुद्दल भरा, तेही निम्मं. कंपनी असं पुन्हा देत नाही.”

कंपनीचं मन क्वचितच मोठं होतं, आणि झालं तरी तारीख घालून होतं. कर्ज घेतलं होतं बाईंच्या धाकट्या मुलाने. एका जुन्या मोटारसायकलपुरतं, मोबाइलवर, बसल्या जागी. मग हप्ता चुकला, दंड लागला, दंडावर व्याज चढलं, आणि बघता बघता कर्जाने मोटारसायकल गिळून टाकली. तरी भूक भागली नाही, तेव्हा कंपनीने त्याच्या फोनमधल्या झाडून सगळ्यांना त्याचा फोटो धाडला. खाली लिहिलं होतं, ‘या चोराला ओळखता का?’ तो फोटो त्याच्या शाळेतल्या शिक्षिकेला गेला, मित्रांना गेला, होणाऱ्या सासऱ्यालाही गेला. दुसऱ्या दिवशी धाकटा घर सोडून गेला. फोन टेबलावर ठेवून गेला, म्हणजे माग काढायचीही सोय राहिली नाही.

“सज्ञान आहे, स्वतःच्या पायाने गेलाय,” असं म्हणून पोलीस चौकीतल्या साहेबांनी बाईंनी दिलेला फोटो परत केला. वडिलांनी मुलाचं नाव घेणंच टाकलं. थोरल्या बहिणीने दवाखाने आणि स्टेशनं पालथी घातली, पण तिलाही संसार होता, तीही थकली. परवा तिनेच पैसे आणून मशीनच्या खणात ठेवले.

“आई, हे भर आणि मोकळी हो,” ती म्हणाली. “त्या माणसाचं तोंड बघायला नको पुन्हा.”

बाई मात्र त्या माणसाची वाट बघत. कागदावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं, पण वसुलीला कुणाचं तरी दार लागतं. पहिल्या दिवशी तो या दारात उभा राहून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडला होता, “पाताळात लपला असला तरी शोधून काढू!” पुढे त्याचा आवाज उतरला. चहाचा परिणाम असावा. तो आला की बाई चहा ठेवत आणि हळूच विचारत, “या वेळी कुठे बघितलंत?” तोही मोठेपणा मिरवायला सांगायचा. बंदराजवळच्या गोदामात तशा चणीचा एक पोरगा होता म्हणे, पण आठवड्यातच काम सोडून गेला. एका हॉटेलात भांडी घासताना कुणीतरी पाहिला होता. “बारीक झालाय का?” बाई विचारत. “अंगात गरम काही होतं का?”

वसुलीवाला धंद्यात मुरलेला होता. इतकी चौकशी कोण करतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“एक विचारू? हा कोट त्याचाच ना? म्हणजे माप द्यायला येतो तो इथे. आम्ही कुठवर पोचलो ते तुम्ही माझ्याकडून काढून घेता आणि त्याला सावध करता. खोटं आहे का हे?”

मशीन थांबलं. बाई कोटाकडे बघत राहिल्या.

“जुन्या मापावर बेतलाय,” त्या म्हणाल्या. “आला असता तर बाह्या लागल्या असत्या. अंगात घालून बघितल्याशिवाय मी बाही लावत नाही. खांदे भरले असतील आता त्याचे.”

वसुलीवाल्याने मान वळवली. कोटाला खरंच बाह्या नव्हत्या. इतके महिने तो त्याला टेकून बसला होता आणि त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला लाज वाटली. तिची सवय नसल्यामुळे तो घाईघाईने बोलायला लागला.

“मग तर भरूनच टाका, काकू. खरंच सांगतो, तुमच्या भल्याचं सांगतो. पैसे द्या, मी इथे बसल्या बसल्या फाईल बंद करतो. आमची गावोगावची माणसं उद्यापासून हा विषय सोडून देतील. कुणी दारात येणार नाही, कुणी त्याला शोधणार नाही. सुटलात तुम्ही.”

बाईंनी खण उघडला. नोटांचं पुडकं बाहेर काढलं. वसुलीवाल्याने हात पुढे केला.

त्या हातावर बाईंनी पुडक्याखालचा फोटो ठेवला. चौकीतून परत आलेला. पुडकं पुन्हा आत गेलं आणि खण बंद झाला.

“हा घ्या. तुमच्याकडचा धूसर आहे, यात चेहरा नीट दिसतो. व्याज लावा, दंड लावा, वाट्टेल तेवढं चढू द्या. पण फाईल बंद नका करू, दादा.” बाईंनी पँट पुन्हा मशीनखाली सरकवली. “पाताळातूनही शोधून काढू म्हणणारे आता तुम्ही एकटेच उरलाय.”