पहिली जप्ती

"कर्जबुडव्यांच्या घरांना टाळं ठोका आणि आमच्या ठेवी परत करा," ठेवीदारांच्या वतीने उर्मिलाबाई तारळेकर प्रशासकांना ठणकावून सांगत होत्या. विट्यातली ती सहकारी बँक बुडून वर्ष होत आलं होतं. या निवृत्त मुख्याध्यापिकेच्या शब्दाला गावात वजन होतं, आणि बाहेर पायऱ्यांवर बसलेली माणसं त्यांच्याच भरवशावर आली होती.

प्रशासकांनी उठून केबिनचं दार लोटलं. "बाई, उद्यापासून जप्ती सुरू होतेय. पहिलं घर तुमचं आहे."

आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली, असंच उर्मिलाबाईंना वाटलं. त्यांच्या मुलाने, सुहासने, यंत्रमागांसाठी कर्ज काढलं तेव्हा त्यांनी घर तारण दिलं होतं खरं. पण ते फिटल्याचं त्यानेच घरी येऊन सांगितलं होतं, देवापुढे पेढेसुद्धा ठेवले होते.

"एकही हप्ता आलेला नाही," प्रशासक हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही हे आंदोलन जरा आवरतं घेतलंत, तर तुमच्या घराचं थांबवता येईल."

उर्मिलाबाई दार उघडून बाहेर आल्या. ठेव अडकल्याने नवऱ्याचं ऑपरेशन अडलेली रझियाभाभी लगबगीने पुढे झाली. "काय म्हणाले साहेब?"

"उद्यापासून जप्ती आहे," बाई म्हणाल्या. "पहिलं घर माझं. माझ्या मुलाने कर्ज बुडवलंय."

सगळी माणसं त्यांच्याकडे बघत राहिली, आणि बाई त्यांच्यातच एका पायरीवर बसल्या.