एका माणसाचा भात

भात पुन्हा बुडाला लागला. एलिएझरने झाकण उचललं, वास घेतला आणि ते हळूच परत ठेवलं, जणू झाकून ठेवला की भात सुधारणार होता.

"दोघांचं पाणी घातलं की गिच्च, कमी केलं की करपतो," टेबलापाशी बसलेली त्याची बायको सारा म्हणाली. ती मदतीला उठली नाही. तसं ठरलंच होतं. "एका माणसाचा भात सगळ्यात अवघड."

"आणि लोक म्हणतात व्हिसा अवघड," एलिएझर पुटपुटला.

व्हिसा तर कधीच झाला होता. विमा उतरवून झाला, पाहुण्या संशोधकांच्या वसतिगृहात खोली मिळाली, तिकडच्या भोकांत बसणारा प्लगही पनवेलच्या बाजारात सापडला. नेदरलँड्सच्या एका विद्यापीठाने खारफुटीच्या अभ्यासासाठी सहा महिन्यांचं बोलावणं धाडलं होतं, आणि तेव्हापासून सुकापूरच्या या घरात दुसरा विषयच नव्हता.

दोघांनी सगळी नोकरी एकाच कॉलेजात शिकवण्यात काढली होती. असं बोलावणं मागे एकदा आलंही होतं. तेव्हा मुलगा नोम शाळेत होता आणि एलिएझरची आई अंथरुणाला खिळलेली. घर कोण बघणार, एवढ्या एका प्रश्नावर ते परत गेलं. त्याविषयी पुढे दोघं कधी बोलली नाहीत. पण कॉलेजातलं कुणी परदेशी निघालं की त्या रात्री जेवताना घरात नुसता ताटांचा आवाज यायचा.

आता नोम इस्रायलला स्थायिक झाला होता, आई गेली होती. उरली होती एलिएझरची साखर आणि स्वयंपाकघरातलं त्याचं अगाध अज्ञान.

"एकटा असताना चक्कर आली तर?" सारा म्हणाली. "त्यांना अजूनही नाही म्हणून कळवता येईल."

"नाही म्हणायचं नाही. या खेपेला नाही." तो इतक्या जोरात बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग त्याने तांदळाचा डबा पुन्हा उघडला.

मोऱ्याच्या बंदरावरून मासळी आणणारी हौसा दारात पाटी उतरवून बसली. तिने खवल्यांची मासळी तेवढी वर काढली. हे ज्यूंचं घर. कोलंबी तिने या दाराशी कधी दाखवलीच नव्हती. आज मात्र तिने विळी एलिएझरच्या पुढ्यात सरकवली.

"घ्या दादा, साफ करा."

"तू आहेस की."

"मी काय जल्माला पुरनार हाय? बायको जवल नाय म्हनून उपाशी ऱ्हानार काय तुमी? शिका!"

तो शिकला. पहिल्या दिवशी अर्धी खवलं त्याच्या चष्म्यावर उडाली, आणि हौसा पदर तोंडाला लावून हसली.

हैफाहून त्याच्या बहिणीने, अविटलने, लोकरी कोट पाठवला. बाहेर ऊन रणरणत होतं तरी एलिएझर तो घालून आरशासमोर उभा राहिला.

"बाह्या आखूड पडतात."

"पडू देत," सारा हसली. "काढ आता. घामाने भिजवशील."

त्याने लगेच काढला नाही. तसाच गॅलरीतल्या खुर्चीत बसला, आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. हल्ली स्वप्न ठरलेलं असायचं. संथ पाण्याचा कालवा, काठावर विटांची घरं, भिंतीला टेकवलेली सायकल, आणि एका उंच खिडकीत पिवळा दिवा. धुकं खाली उतरायचं, पाणी आणि आभाळ एक व्हायचं, दिवा तेवढा राहायचा. त्या स्वप्नात एलिएझर स्वतःला कधीच दिसायचा नाही. खिडकी मात्र तो पाण्याच्या अलीकडून बघत असायचा, पुष्कळ लांबून. जाग आली की छातीत आनंद आणि हुरहूर दोन्ही असायचं, आणि कुठलं किती ते त्याला सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी तो भिंतीवरचं दुसरं घड्याळ घेऊन आला. पहिल्याशेजारी खिळा ठोकला, काटे तिकडच्या वेळेवर लावले. मग दोन्ही घड्याळं बघत तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

शुक्रवार आला. लग्नापासून शब्बाथचा दिवा साराच लावत आली होती. त्या दिवशी तिने काडेपेटी त्याच्या हातात दिली.

"बाई नसेल तिथे पुरुषाने लावायचा. अंधारात बसायचं नाही."

त्याने प्रार्थना म्हटली, वात पेटवली. इतक्या वर्षांत हा दिवा आपण नुसता पाहत आलो, याची त्याला लाज वाटली आणि रडूही आलं. सारा दिव्याकडे बघत राहिली. नंतर जेवायला बसल्यावर दोघांच्या लक्षात आलं, दुपारी एलिएझरने केलेला भात मोकळा झाला होता. साराने दुसऱ्यांदा वाढून घेतला. रविवारी विद्यापीठाला येण्याची तारीख कळवून टाकली.

निघायचा दिवस गुरुवारचा. विमानतळाच्या दाराशी जवान तिकीट बघून एकेकाला आत सोडत होता. एलिएझरच्या एका हातावर कोट होता, दुसरा हात ट्रॉलीवर.

"गोळ्या?" साराने विचारलं.

"खिशात आहेत."

"उद्याचा दिवा?"

"लक्षात आहे."

"आणि रडायचं नाही."

"रडतेयस तू," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

साराने डोळे पुसले, त्याच्या हातावरचा कोट घेतला आणि अंगात घातला. बाह्या तिच्या मनगटापर्यंत अगदी बरोबर आल्या. तिने ट्रॉली आपल्याकडे ओढली, जवानाला आपला पासपोर्ट दाखवला आणि आत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत एलिएझर काचेबाहेर उभा होता. मग तो सुकापूरला परत निघाला. घरी जाऊन भात लावायचा होता, एका माणसाचा.