घरून दिलेली कमांड

"अजून कनेक्शनच्याच मागे आहेस का गं?" बाबांनी पलंगावरून विचारलं.

"कनेक्शन कधीच झालंय, बाबा. पुढचं ऐकत नाहीये मेलं."

रविवार होता, साडेअकरा वाजून गेले होते. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. अजून दोन महिने त्यांना एकट्याने उठायची बंदी होती आणि घरात त्या दोघांशिवाय तिसरं माणूस नव्हतं. शहरातल्या बसचं वेळापत्रक तिच्या ऑफिसातल्या मशीनवर, म्हणजे तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, रोज तयार व्हायचं. "इथलं काम इथे बसूनच होतं," हा साहेबांचा हेका. फार विनवण्या केल्यावर ते एवढंच म्हणाले, रविवारी दोनच्या आत उद्याचं वेळापत्रक घरून काढून दाखवा, मग दोन महिने घरीच बसा. नाहीतर सोमवारी हजर व्हा.

म्हणून ती सकाळी सहापासून एडिटरशी झगडत होती. ज्यात ती प्रोग्राम लिहायची, त्याच एडिटरमधून तिकडच्या फाइली उघडायच्या आणि कमांडही तिकडच्या मशीनवर चालवायच्या. फाइली आठलाच उघडल्या. कमांड मात्र उंबरठा ओलांडायला तयार नव्हती. फाइल ऑफिसातली, तिला चालवायला जावं तर ती चालायची या बिचाऱ्या लॅपटॉपवर, आणि दोन मिनिटांत धापा टाकत बसायची. तिने सेटिंगच्या फाइलीत ओळी घातल्या, खोडल्या, पुन्हा घातल्या. चौथ्यांदा पासवर्ड विचारला तेव्हा वैतागून तिने थेट तिकडचं ॲडमिनचं खातं देऊन टाकलं. घे, सगळे अधिकार घे, पण एकदाचं जा!

आणखी एक ओळ बदलून तिने फाइल सेव्ह केली. ती लागू झाली की नाही, ते बघायचंही त्राण उरलं नव्हतं. पंखा घरघरत होता, माउस जागचा हलत नव्हता. तिला रडूच यायला लागलं.

"बंद करून बघ ना जरा," बाबा म्हणाले. "त्यालाही दम खाऊ दे."

एरवी तिने त्यांना वेड्यात काढलं असतं. आता तिने लॅपटॉप बंद करायला निमूटपणे एडिटरमध्येच मशीन बंद करायची कमांड टाइप केली आणि एंटर दाबलं.

लॅपटॉप चालूच राहिला. पंखा घरघरतच होता.

"घ्या! हेसुद्धा ऐकत नाही!" ती ओरडली आणि मग पडद्याच्या खालच्या ओळीकडे तिचं लक्ष गेलं. तिथे ऑफिसच्या मशीनचं नाव होतं आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'संपर्क तुटला'.

कमांड तिकडे गेली होती! साडेपाच तासांनी पहिल्यांदाच गेली होती! क्षणभर तिला इतका आनंद झाला की तिने टेबलावर हात आपटला. मग तो हात तसाच टेबलावर राहिला.

तिने पुन्हा जोडून पाहिलं. उत्तर नाही. आणखी एकदा. नाही. तिकडचं मशीन बंद झालं होतं, ऑफिसला सुट्टी होती, मशीनच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या पर्समध्ये होती. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती.

ती उठली. पाण्याचा तांब्या, गोळ्या आणि फोन तिने बाबांच्या हाताशी आणून ठेवला. दोन उशा पलंगाच्या कडेला लावल्या, जरा मागे सरून बघितलं आणि तिसरीही लावली.

"लागलं का गं मार्गी?"

"लागलं, बाबा. पहिल्याच फटक्यात ऐकलं त्याने."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" बाबा खूश झाले. मग त्यांना तिच्या पायांत चपला दिसल्या. "आता घरूनच होणार ना सगळं? मग निघालीस कुठे?"

"बटण दाबायला," ती म्हणाली.