बेअरिंगवरचा हात

वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेला साखर कारखान्याचा ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा मोठा पंखा, तिसऱ्यांदा चालू झाला. फिटर अण्णांनी नेहमीप्रमाणे बेअरिंगवर तळहात ठेवला. त्यांच्या होकाराशिवाय चाळीस वर्षांत एकही पंखा वर्कशॉपबाहेर पडला नव्हता.

“अजून थरथरतोय. उतरवा,” ते म्हणाले.

दोनदा उतरवून त्यांच्या हाताखालच्या मालनने पात्यांचा तोल साधला होता. तिने अण्णांच्या हाताशेजारी हात ठेवला. पंखा शांत चालला होता. थरथरत होती ती अण्णांची बोटं.

“अण्णा, पंख्यात काही नाही,” ती त्यांच्या कानाशी लागून म्हणाली.

अण्णांनी हात खिशात घातला. “मग मी इथं काय करायचं, पोरी?”

“हात मी लावते. पण आवाजावरून दोष ओळखायला मला कुठं येतं?”

“इतकी वर्षं कान काय झुमक्यांसाठी ठेवलेस?” अण्णा म्हणाले. “ये, डोळे मीट. आधी मोटरच्या पट्ट्याचा आवाज वेगळा काढ.”