जयवंताबाईची चौकशी

"खरं सांगा मावशी, घाबरू नका," मीनल म्हणाली. "जन्म कुठला तुमचा?"

जयवंताबाईनं तोंड उघडायच्या आत तिचा नवरा मोतीराम बोलला, "चिखलीकडचा. लहानपनीच मायबाप मेले तिचे. कागद कुठून आनन ती?"

मीनलनं ओसरीवर पाय लांब केले. सकाळी शाळा, दुपारपासून घरोघर मतदारयादीची पडताळणी. टाचा भरून आल्या होत्या. त्यात हे लचांड. मंडल ऑफिसात कुणा बाईनं फोन केला होता. जयवंताबाई इथली नाही, बांगलादेशातली आहे, खोटं सांगून मतदार झाली आहे, एवढं बोलून फोन ठेवला. नाव सांगितलं नाही. तिथल्या गिरदावर साहेबांनी, म्हणजे महसूल निरीक्षकांनी, चौकशी मीनलच्या गळ्यात घातली.

"हे त्या शेजारच्या रुख्मिणीचं काम," मोतीराम म्हणाला. "ओढ्याच्या पान्यावरून डूक धरून राह्यली ती."

सगळं गाव हेच म्हणत होतं. जयवंताबाई तेवढी काही म्हणत नव्हती. चौकशीसाठी म्हणून तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. सगळी उत्तरं मोतीरामच देत होता. तशीच रीत होती त्या घराची. बाजाराला ती त्याच्यासोबत जायची, त्याच्यासोबतच यायची. सणाला बाकीच्या बाया माहेरी जायच्या, ही मेथीच्या वाफ्यात बसलेली असायची. बिचारीला माहेरच नाही, असं सगळे म्हणायचे.

दोन दिवसांनी मीनल मळ्याच्या वाटेनं चालली होती. आजारी वासराच्या मानेवरून हात फिरवत जयवंताबाई काहीतरी गुणगुणत होती. ते मराठी नव्हतं, तेलुगूही नव्हतं. कागजनगरच्या बसमध्ये तिकडच्या निर्वासित वसाहतीतल्या बायांकडून मीनलनं ती भाषा कधीतरी ऐकली होती. बंगाली.

ती बांधावरच थबकली. जयवंताबाईनं तिला पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही. कडवं संपवून ती उठली.

"बाई, मी..."

"मावशी, मला काही सांगू नका," मीनल घाईनं म्हणाली. "मी काही ऐकलं नाही. तुम्ही आता काही बोललात तर मला ते लिहावं लागेल. मतदार व्हायला खोटं लिहून दिलं असलं तर वर्षाची कैद आहे."

"अन् कैदेनंतर?"

"नाव कापतात. मग म्हणे ज्याच्या त्याच्या देशात धाडून देतात."

"खरंच धाडतेत?"

तिचा आवाज कापत होता. मीनलला भरून आलं. तिनं म्हातारीचा मातीनं भरलेला हात दाबला. "तुम्हाला कोणी कुठं धाडत नाही. मी आहे ना."

त्या रात्री मीनलला नीट झोप लागली नाही. खोटा अहवाल म्हणजे नोकरीवर पाणी. तिच्या बापानं दुसऱ्याच्या शेतात राबून तिला शिकवलं होतं. पण साठीच्या बाईला पोलिसांच्या गाडीत बसवायचं, तेही एका निनावी फोनवरून? विचार करून करून ती थकली. सकाळ होईपर्यंत तिचं ठरलं होतं.

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात गिरदावर साहेब जबाब घ्यायला बसले. एकेक जण पुढं येऊन सांगू लागला. डोमाजी पाटलानं मोतीराम-जयवंताबाईच्या लग्नात जेवल्याचं सांगितलं. कुणी मांडवाची आठवण काढली, कुणी वरातीतल्या डफड्याची. जे लग्न कधी झालंच नव्हतं, ते गावानं त्या दुपारी थाटामाटात लावलं.

शेवटी रुख्मिणी उठली. मोतीरामनं मान खाली घातली.

"साहेब, आमचं भांडन हाये," रुख्मिणी म्हणाली. "पन हे माह्या मायच्या गावची पोरगी. आमी एका चुलीचं खाल्लं. ज्यानं फोन केला त्याच्या जिभेले किडे पडो."

कुणीतरी डोळे पुसले. गिरदावर साहेबांनी जयवंताबाईकडं पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचं आहे, आजी?"

जयवंताबाई उभी राहिली. तिचे ओठ हलले. रुख्मिणीनं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. "काय सांगन बिचारी? दोन रोजापासून भेवानं जेवली नाही ते."

"तक्रारीत तथ्य नाही," मीनलनं लिहिलं आणि सही केली. साहेबांनीही केली. "मिटलं म्हणा आता," ते म्हणाले. "या बाईच्या नावावर परत कोणी फोन केला तर ऐकूनसुद्धा घेणार नाही आम्ही."

मोतीराम लहान लेकरासारखा रडला. मग डोळे पुसत सगळ्यांना चहा सांगायला कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेला. लोक त्याच्यामागं निघाले. व्हरांड्यात दोघीच उरल्या.

मीनल भिंतीला टेकून बसली. तिचं मन हलकं झालं होतं.

"आता जन्मभर कोणी तुम्हाला हात लावत नाही, मावशी. फक्त ती फोनवाली सापडायला पाहिजे. सोडत नाही मी तिला."

जयवंताबाई फाटकाबाहेरच्या सडकेकडं बघत होती. आदिलाबादची बस धूळ उडवत निघून गेली, तरी ती तिकडंच बघत राहिली.

"नोका शोधू, बाई," ती म्हणाली. "म्याच केला होता तो फोन. माह्या नवऱ्यानं मले तिकडून पळवून आनलं तवापासून घरी जायाचा दुसरा रस्ताच भेटला नाही."