बंद काचेचा बचाव

या आलिशान गाडीत बाहेरचा आवाज पोहोचत नाही, असे कंपनीचे अधिकृत विधान आहे. कंपनीने गाडीचे उत्पादन कायमचे थांबवले. विधान तेवढे चालू ठेवले. शेवटच्या गाड्यांपैकी एक वसमतचे हळदीचे व्यापारी बालाजीराव यांनी घेतली. गोरेगाव फाट्यावरच्या गर्दीत ती थबकली असता त्यांच्या चुलतीने, शकुबाईंनी, खिडकीशी येऊन हाक मारली. काच हलली नाही. गाडी निघून गेली. बालाजीरावांच्या लेकीला, कोमलला, लग्नात पहिली हळद आपण लावणार नाही, असा निरोप शकुबाईंनी त्याच संध्याकाळी धाडला.

सकाळी बालाजीराव भाड्याच्या जीपने चुलतीच्या दारात आले आणि बचावादाखल त्यांनी कंपनीचे विधान जसेच्या तसे सादर केले.

"व्हय का? मंग 'असली गाडी आता बनत न्हाई' असं गाडीभवती जमलेली पोरं म्हनली, तवा आत बसून मिशीत काहून हसलास रे, बाळ्या?"

विधान तिथेच कोसळले. बालाजीराव खालच्या आवाजात म्हणाले, "ऐकू आलं व्हतं, काकू. पन काच कशी खाली करायची, दार आतून कसं उघडायचं, मला अजून समजून न्हाई राहिलं. अन् डायवरला इचारायची लाज वाटती."